फ्यूजच्या जागी तार

लडाखमधल्या त्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये आम्ही तिघे लालबाग-परळकडचे होतो. मी हवालदार तावडे, व्हेइकल मेकॅनिक. माझ्या हाताखाली अनंत साटम, गाड्यांच्या वायरिंगचं काम त्याचं. आणि नाईक हुद्द्यावरचा ड्रायव्हर दिनेश राऊळ, काळाचौकीचा, माझ्याच चाळीतला. लोकांना वाटतं फौजेत रोज गोळीबार असतो. आमची लढाई बहुतेक गोठणाऱ्या डिझेलशी होती. पहाटे गाड्या तापवायच्या, तपासायच्या, कॉन्व्हॉय म्हणजे गाड्यांचा ताफा लाइनीत लावायचा, मग चहा.

ट्रेनिंगमधले आमचे उस्ताद म्हणत, नाक हे मेकॅनिकचं पहिलं हत्यार. क्लचचा वास वेगळा, ब्रेकचा वेगळा, तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकणाऱ्या ऑइलचा वेगळा. वायर जळते तेव्हा वास घशात चिकटतो. तो आला की चर्चा नाही. इंजिन बंद, बॅटरीची केबल काढा. आणि फ्यूज उडाला तर त्याला शिव्या घालू नका, त्याने ड्यूटी केली. तार उडत नाही, करंट चालू राहतो आणि वायर पेटते; म्हणून फ्यूजच्या जागी तार टाकणाऱ्याला उस्ताद मैदानाला फेऱ्या मारायला लावत.

एका सकाळी राऊळच्या ट्रकने कॅम्पमध्येच पेट घेतला. केबिनमध्ये धूर, बाजूला केरोसीनचे जेरीकॅन, पलीकडे जवानांचे तंबू. वॉकीटॉकीवर साहेबांचं आणि राऊळचं बोलणं मी ऐकलं ते एवढंच.

"राऊळ, गाडी सोड. खाली उतर. ओव्हर."

"बाजूला घेतो, सर. ओव्हर."

त्याने ट्रक कॅम्पबाहेरच्या नाल्यापर्यंत नेला. तो उतरू शकला नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे फौजेच्या चौकशीत, साटमने सांगितलं, वायरिंग आदल्या दिवशीच तपासलं होतं, आणि राऊळ केबिनमध्ये बिडी ओढताना दिसला होता. निष्कर्ष निघाला: ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. राऊळच्या हातात मी कधी बिडी पाहिली नव्हती. पण तिथल्या थंडीत माणूस काय काय शिकतो, आणि साटम तर आपला माणूस. मी विश्वास ठेवला.

काळाचौकीत बातमी पोचली ती "बिडीने गेला" अशी. आमच्या चाळीच्या दारात काळा फळा आहे. पाण्याची वेळ, बारसं, मयत, सगळं त्यावर येतं. सव्वीस जानेवारीला चाळीतल्या शहिदांची नावं लिहितात. राऊळचं नाव कधी चढलं नाही. उघड कुणी काही बोललं नाही, फक्त त्याच्यासाठी कुणी खडू हातात घेतला नाही.

राऊळची बायको, शुभांगीवहिनी, गाडी शिकल्या आणि त्यांनी स्कूल व्हॅन घेतली. लालबागची मुलं दादरच्या शाळेत पोचवतात. मी पेन्शनवर आलो, साटमने परळला गॅरेज टाकलं. व्हॅनचं काम त्याच्याकडेच. "घरचाच मेकॅनिक," असं वहिनी म्हणायच्या. दर पुण्यतिथीला तो माझ्यासोबत हार घेऊन यायचा, फोटोपुढे वाकायचा आणि वहिनींच्या हातचे घावणे खाऊन जायचा.

गेल्या जानेवारीत एका दुपारी वहिनींनी मला चाळीखालून हाक मारली.

"भावोजी, जरा बघता काय? गाडीत जळल्यासारखा वास येतोय. पोरं नाक धरून बसली होती."

"साटमला दाखवली?"

"परवाच त्याच्याकडे होती. पंखा सारखा बंद पडत होता, तो करून दिला त्याने. म्हणाला, नव्या वायरचा वास आहे, जाईल."

मी दार उघडलं आणि वास घशात चिकटला. बॅटरीची केबल काढली. डॅशबोर्डखालचं झाकण उघडलं. पंख्याच्या फ्यूजच्या खाचेत तांब्याची तार पिळून बसवलेली. आजूबाजूचं प्लास्टिक मऊ झालेलं. खरा दोष पुढे सापडला. मॅटखालून जाणारी वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती. म्हणून फ्यूज उडत होता. मी वायर बदलली, पत्र्याच्या कडेला रबर लावलं, फ्यूजबॉक्स नवा आणून योग्य फ्यूज बसवला. पंखा चालला, फ्यूज टिकला, वास गेला. त्या वायरच्या वरच्या सीटवर सगळ्यात लहान मुलगी बसते, असं वहिनींनी सांगितलं.

तार खिशात घालून मी परळला गेलो. साटम एका टॅक्सीच्या बॉनेटवर वाकला होता. मी तार त्याच्यापुढे धरली.

"आत पोरं बसतात, साटम."

"वहिनींना घाई होती, म्हणून टाकली. काय होतंय एका तारेने, तावडेभाऊ? सगळेच टाकतात. कॅम्पात पण कॉन्व्हॉय निघायच्या टायमाला कोण फ्यूज शोधत..."

तो थांबला. उरलेलं वाक्य मला न बोलता ऐकू आलं.

"राऊळच्या गाडीत?"

तो हातातला पाना फडक्याने पुसत राहिला.

"स्टोअरमध्ये फ्यूज नव्हता. साहेब ओरडत होते, गाडी लाइनीत लाव म्हणून."

"आणि बिडी?"

"माझं कोर्ट मार्शल झालं असतं. मेलेल्या माणसाला काय शिक्षा होणार होती?"

शत्रूकडून माणूस काही अपेक्षाच ठेवत नाही. हा माझ्या ताटात जेवलेला माणूस होता. ज्याला जाळलं त्याच्याच फोटोला हार घालत होता, त्याच्याच बायकोच्या हातचं खात होता आणि तसलीच तार त्याने तिच्या गाडीत घातली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी हात उचलला होता. मग खाली घेतला. हा हिशेब आधी वहिनींचा होता.

"उद्या घरी ये. वहिनींना तू सांग. नाही आलास तर मी सांगणार."

तो आला नाही. मी सांगितलं.

वहिनींनी गॅस बंद केला आणि ऐकून घेतलं. 

"हे बिडी ओढत नव्हते, भावोजी. मी सासूबाईंना सांगितलं, चाळीच्या कमिटीला सांगितलं. सगळे म्हणाले, बायको असंच म्हणणार."

त्या सगळ्यांत मीही होतो.

मी पलटणीला सगळं लेखी कळवलं आहे. उत्तर यायचं आहे, साटमचंही काय व्हायचं ते होईल. फळा मात्र आमच्या दारातच होता. सव्वीस जानेवारीला सकाळी मी खडू घेतला आणि लिहिलं: "नाईक दिनेश राऊळ. जळती गाडी कॅम्पबाहेर नेली. तंबूतले सगळे वाचले."

वहिनी मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडून खडू मागून घेतला आणि खाली एक ओळ लिहिली: "ते बिडी ओढत नव्हते."

कमिटीचे सेक्रेटरी डस्टर घेऊन पुढे आले. त्यांनी ती ओळ वाचली आणि डस्टर खाली ठेवला. झेंडा वर गेला. मी आधी झेंड्याला सॅल्यूट केला, मग फळ्याकडे वळून दुसरा.