त्यानं माझ्याकडं येणं सोडलं

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलो तेव्हा सगळ्यांना वाटलं, मी रडेन, आईच्या पाया पडेन. मी ओट्यावर बसलो आणि बसूनच राहिलो. आत काहीच हलत नव्हतं. दारूची आठवण नाही, लाज नाही, सुटल्याचा आनंदही नाही. बायको चहा ठेवून जायची. पुढ्यात होता म्हणून मी तो प्यायचो.

आमचं गाव केजपासून जीपनं अर्ध्या तासावर. गल्लीत आमच्या समोरच माझा दोस्त राहतो. शाळा आम्ही एकत्र सोडली, प्यायलाही एकत्रच लागलो. मी केंद्रात असताना तो एकदाही भेटायला आला नाही. मी परतल्यावरही नाही. दार उघडून बाहेर पडायचा, मला बघायचा आणि मान खाली घालून उलट्या बाजूनं, देवळामागच्या लांबच्या वाटेनं निघून जायचा. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मी नुसता बघत बसायचो.

ओट्यावरून मला उठवलं ते शेजारच्या चुलतीनं. तिच्या दोन म्हशी होत्या आणि गुडघे गेलेले. "नुसतं बसून काय करतूस? माझं दूध डेअरीवर घालून ये," म्हणाली. नाही म्हणायलाही जोर लागतो, तो माझ्यात नव्हता. मी रोज दुधाची किटली घेऊन जाऊ लागलो. सुरुवातीला मी रांगेत उभा राहिलो की माणसं गप्प व्हायची. मग कुणीतरी दुधाला फॅट कमी लागल्याचं गाऱ्हाणं माझ्यापाशी केलं. कुणी म्हणालं, "आज उशीर केलास." मी हं म्हणायचो. एकदा तापानं पडलो आणि गेलो नाही, तर त्यातले दोघं घरी आले. दारातच उभं राहून आधी त्यांनी माझं तोंड नीट बघितलं, बहुतेक वासही घेतला. मग आत येऊन बसले.

उन्हाळ्यात चुलतीच्या भाच्याचं लग्न उमापूरला होतं. अक्षता पडल्या आणि जुन्या ओळखीतल्या एकानं खांद्यावर हात टाकला. "चल, जरा मागं जाऊ." मला प्यावंसं वाटत होतं असं नाही. पाय निघाले, मीही निघालो. मांडवामागं पाण्याच्या टँकरच्या सावलीत पाच-सहा जण बसले होते. त्यात दोस्त होता, हातात ग्लास.

मला बघताच तो उठला. "ह्याला कोण आणलं बे?"

त्यानं माझ्या छातीवर दोन्ही हात ठेवून मला ढकललं. टँकर गळत होता, मी चिखलात पडलो.

"ऊठ. जा जेवायला. तुझं हिकडं काय काम न्हाई." त्याचा आवाज फाटला होता. "मी तुझ्या दारावरून जात न्हाई, लांबून जातो, ते काय हौस हाय म्हणून?"

मी उठलो, पंगतीत जाऊन बसलो आणि जेवलो. टेम्पोतून परत येताना बायको शर्टावरचा चिखल बघत होती, तेव्हा तिला सांगितलं.

ती म्हणाली, "तुमाला केंद्रात नेलं त्याच दिवशी आलते ते. दारातूनच म्हणले, वैनी, आता मी तुमच्याकडं येणार न्हाई. मी आलो की तो पिणार."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमीच गेला असता त्यांच्याकडं."

ते खरं होतं. तेव्हा तरी डोळ्यात पाणी यायला हवं होतं. आलं नाही.

त्यानंतर डेअरीवरून येताना मीच त्याच्याकडं जायला लागलो. सकाळी तो शुद्धीत असतो, हात तेवढे कापतात. पहिल्या दिवशी म्हणाला, "कशाला आलास बे?" मी म्हणालो, "बसायला." पिण्याशिवाय एकमेकांशी काय बोलायचं हे आम्ही कधी शिकलोच नव्हतो. ऊस, बोअरचं पाणी, कुणाची म्हैस व्याली, एवढंच बोलणं होतं. केंद्रात जातोस का विचारलं की तो "बघू" म्हणतो.

परवा मात्र त्यानं विचारलं, "तिथं जेवायला काय देतेत?"

मी सांगितलं, सकाळी पोहे, दुपारी भाजी-भाकरी, रात्री खिचडी. त्यानं सगळं ऐकून घेतलं. अजून गेलेला नाही.