दुसऱ्याच्या हाताची चमक

आंधळ्या माणसाचं कौतुक करायला कुणाच्या बापाचं काही जात नाही, त्यामुळे गुंडा सुताराच्या वाट्याला ते पोत्यानं आलं होतं. पलूसच्या पेठेत कुणीही भेटो, "तात्या, डोळं न्हाईत आन् काय काम करता वं!" हे ठरलेलं. काचबिंदूनं त्याची नजर कडेकडेनं खात नेली आणि पन्नाशीच्या पुढं पार मिटवून टाकली. त्याआधीची हयात त्यानं सागवानाला लाखेचं पॉलिश करण्यात घालवली होती, आणि तेव्हा कौतुक सोडून बाकी सगळं त्याला मिळालं होतं. गिऱ्हाईक कपाटाच्या दारापुढं वाकून बघायचं, डाग दाखवायचं, पुन्हा करायला लावायचं. गुंडा मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आता कुणी डाग दाखवत नव्हतं. सुरुवातीला बरं वाटलं. मग त्याचाही शीण यायला लागला.

नजर गेली म्हणून त्यानं काम सोडलं नाही. सोडून करणार काय? नानासोच्या फर्निचरच्या दुकानामागं पत्र्याची शेड होती, तिथं तो बसायचा. स्पिरिटात विरघळलेली लाख फडक्यात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यावर घ्यायची आणि लाकडावर न थांबता फिरवत राहायची, एवढंच ते काम. बोळा ओला आहे तोवर गप्प असतो, सुकायला लागला की चिकटतो, किरकिरतो. स्पिरिटचा वास उडाला की दुसरा हात द्यायचा. कुठं राहिलं, कुठं जास्त झालं, ते तळहात सांगायचा. रंगाचं मात्र त्याला काही कळायचं नाही. त्यासाठी अंजना होती, त्याची बायको. ती दुपारी डबा घेऊन यायची, कामाकडं बघायची आणि म्हणायची, "झ्याक झालंय." रोज झ्याक. कुणाचंही काम रोज झ्याक होत नसतं, हे गुंडाला कळत होतं. पण तोवर खांदे असे भरून यायचे, की खोदून विचारायचं त्राण उरायचं नाही.

थंडीत कोरेगावच्या लीलाबाईंनी नातीच्या बारशासाठी नानासोकडून सागवानी पाळणा करून घेतला. कठड्यावर वेलबुट्टी कोरलेली होती. तिची एक एक खाच गुंडानं बोटाच्या टोकानं घासली आणि पाळण्याला लाखेचे हात दिले. पाळणा घरी पोचला आणि बाईंचा फोन आला, पॉलिशवाल्या तात्यांनी बारशाला यायचंच. एसट्या बदलत एवढं लांब जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण बोलावणं मोडवेना, म्हणून अंजनाला घेऊन तो गेला.

बाळाला पाळण्यात घालायच्या आधी लीलाबाईंनी गुंडाचा हात धरून त्याला पाळण्यापाशी नेलं.

"हे बघा तुमचं काम. तोंड दिसतंय ह्यात."

गुंडानं कठड्यावर तळहात टेकवला आणि तो तसाच राहिला. लाखेच्या खाली लाकूड लागतं, त्याच्या रेषा लागतात. इथं हाताला काच लागत होती. वेलबुट्टीच्या ज्या खाचेत त्याचं नख बसायचं, ती भरून गुळगुळीत झाली होती. त्यानं नख दाबून बघितलं. नवी लाख थोडी तरी दबते, हे जरासुद्धा दबेना. स्प्रेनं मारलेलं मशीनचं पॉलिश होतं हे. लाकूड ओळखीचं, घासकाम त्याचं, आणि वरचा हात भलत्याचाच.

सांगायला हवं होतं. त्यानं तोंडही उघडलं. तेवढ्यात बाईंनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला. जमलेल्या बायका हळहळल्या, "डोळं नसून बघा की." भरल्या घरात, चांगल्या दिवशी काय बोलणार?

"व्हय," तो म्हणाला. "देवाची कृपा."

दुसऱ्याच्या कामाचा मान त्यानं डोक्यावर घेतला. त्याला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

परतीच्या एसटीत कराड आलं, तसा तो अंजनाकडं वळला. मग म्हणाला, "पाळण्याला पॉलिश दुसऱ्यानं मारलंय. तुला ठावं हुतं?"



"व्हय," अंजना म्हणाली.

"कवापासनं चाललंय हे?"

"पावसाळ्यापासनं. तुमी त्या वकिलाचं कपाट केलं, तवा हवा लय दमट हुती. समदं पांढरं पडलं, बुरशी धरल्यावानी. तुमच्या हाताला काय लागलं न्हाई. नानासोनं ते दुसऱ्याकडनं करून घेतलं."

दमट हवेत लाख पांढरी पडते, हे शिकाऊ कामगारालाही ठाऊक असतं. हवा दमट आहे हे त्या दिवशी गुंडालाही कळलं होतं. काम तुंबलं होतं म्हणून त्यानं रेटलं. डोळे असते तर पहिल्या हातालाच पांढरं दिसलं असतं आणि थांबता आलं असतं. तळहाताला ते कपाट अगदी लोण्यासारखं लागलं होतं.

"मग झ्याक का म्हनालीस?"

"लय दमल्यालं दिसत हुता तुमी. पुढ्यात डबा हुता. म्हनलं, जेवू दे सुखानं. उद्या सांगू. फुडं सांगायला जमलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी गुंडानं टॉवेल आणि टोपी नानासोच्या टेबलावर ठेवली. "हे त्या स्प्रेवाल्याला दे."

नानासो चपापला. माणूस वाईट नव्हता, फक्त भिडस्त होता, आणि भिडेपोटी माणूस काय काय करून बसतो.

"तात्या, तुमी घरात बसला असता तर खचला असता," तो म्हणाला. "म्हनलं, तुमचं मन ऱ्हाईल आन् गिऱ्हाइकाचंबी काम हुईल. तासगाव रस्त्याच्या एका शेडातनं मारून आनत हुतो."

"समदं?"

"समदंच."

गुंडा खुर्ची चाचपून बसला. राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात बळ लागतं. पावसाळ्यापासून खांदे मोडून त्यानं जी चमक आणली, ती कुणीतरी रोज पॉलिश पेपरनं खरवडून काढत होतं. आणि तो इकडं घरी जाऊन समाधानानं झोपत होता.

"चमक त्याच्याकडंच ऱ्हाऊ दे," तो शेवटी म्हणाला. "मला घासकाम दे. ते हाताचं काम हाय. पण खोटं बोलू नगंस, नानासो. तेवढं आता सोसत न्हाई."

दुपारी अंजना डबा घेऊन आली, तेव्हा त्याच्यापुढं टेबलाची एक फळी होती. सकाळपासून तो तीच घासत होता.

"बघ," तो म्हणाला.

अंजना फळीवर वाकली. खरं बोलायची तिची सवयच मोडली होती.

"डाव्या अंगाला वरखडा हाय," ती हळूच म्हणाली. "आडवा. चांगला लांब हाय."

गुंडानं बोटं फिरवली. होता. तळहातानं तोही सोडला होता. त्याला वाईट वाटलं, आतून तुटल्यासारखं वाटलं.

"आनिक कुठं?"

 अंजना रडत होती, हे त्याला तिच्या श्वासावरून कळलं.

"मीबी लय दमली हुती, आवं," ती म्हणाली. "रोज झ्याक, झ्याक म्हनून."

गुंडानं चाचपत बाकड्यावर तिच्यासाठी जागा केली. ती बसली, तसा त्यानं पॉलिश पेपर उचलला आणि पुन्हा फळीवर धरला.

"कुठं हाय म्हनालीस?" तो म्हणाला. "माझा हात धरून दाव."