हादग्यावरची दुसरी वेल

आयुष्यात मी लावलेलं एकच झाड जोमानं वाढलं, आणि त्यानं माझ्या बहिणीचं लग्न मोडत आणलं.

ही ऐंशीच्या दशकातली, आमच्या कुंभकोणमच्या घरातली गोष्ट. मी नुकताच बँकेत लागलो होतो. कामानिमित्त बंगलोरला गेलो, तर तिथल्या साहेबांच्या दिवाणखान्यात चक्क कुंड्या! आमच्याकडे झाड म्हणजे तुळस, केळ नाहीतर कढीपत्ता. जे देवाला वाहता येत नाही आणि फोडणीत टाकता येत नाही, ते परसातसुद्धा कुणी ठेवून घेत नसे. मी मात्र भारावलो आणि येताना मनीप्लांट आणि फिलोडेंड्रॉन अशा दोन कुंड्या मांडीवर घेऊन रेल्वेनं आलो. सोबत झाडांच्या निगेचं एक इंग्रजी पुस्तकही आणलं. एकच पुस्तक वाचलेला माणूस किती असह्य होतो, ते आमच्या घराला लवकरच कळलं.

दोन्ही वेली दिसायला जुळ्या. तीच बदामी पानं, तोच हिरवा रंग. तुंगा आत्याला (अप्पांची थोरली बहीण, घराचा कारभार तिच्या हाती आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण तो तिला मान्य नव्हता) मी फरक समजावून सांगायला बसलो. मनीप्लांटचं पान जाड, दुसरीचं पातळ आणि रेशमी. मनीप्लांटच्या देठाला वरून पन्हळ असते, दुसरीचा देठ गोल. मनीप्लांट उजेड आणि तहान दोन्ही सोसतो, दुसरीला सावली आणि ओल लागते. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"दोहोंची भाजी होते का रे?"

"नाही."

"मग दोन्ही एकच."

आणि ती रोज सकाळी दोन्ही कुंड्यांत सारखंच तांदळाचं धुवण ओतत राहिली. मनीप्लांट पिवळा पडला. दुसरी वेल मी पश्चिमेच्या खिडकीत ठेवली होती (उजेड दोघींनाही हवा, असा माझा समज, पुस्तकाचं ते प्रकरण मी नंतर वाचलं), तिची पानं कडांनी करपली. मग मी पुन्हा अभ्यास केला. मनीप्लांटला खिडकी दिली, आत्याला त्याच्यापुरती पाणीबंदी केली, आणि फिलोडेंड्रॉनची कुंडी उचलून परसात विहिरीजवळ हादग्याच्या बुंध्याशी नेऊन ठेवली. तिथं कायम सावली आणि कायम ओल.

त्या हादग्यावर अप्पांची नागवेल चढवलेली होती. आमच्या गावचं विड्याचं पान दूरदूर जातं, बाजारात पानांचे ढीग लागलेले असतात, पण अप्पा स्वतःच्या वेलीचंच पान खात. "दोघींच्या आवडी अगदी सारख्या आहेत अप्पा, शेजारी सुखानं नांदतील," असं मी जेवताना जाहीर केलं. त्या खरोखरच नांदल्या. माझी वेल हादग्यावर चढली, नागवेलीच्या गळ्यात पडली, आणि काही महिन्यांत कुणाचं पान कुठलं हे कळेनासं झालं. मी शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवत होतो. माझ्या हातून काहीतरी जगलं होतं ना!

तेवढ्यात रुक्कूचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, जमत आलं. आमचे मराठी लोक इकडे थोडे. तंजावरपासून इथपर्यंत जो तो आधीच कुणाचा तरी मेहुणा, त्यामुळं गोत्राला चालणारा मुलगा मिळणं कठीण. त्यात रुक्कूचा स्वभाव असा, की कुणाचं नाक तिला पसंत नसे तर कुणाचं हसू. पापनाशमला शाळामास्तर असलेल्या श्रीधरला तिनं एका लग्नात पाहिलं होतं, आणि त्याला तिनं एकही नाव ठेवलं नव्हतं. म्हणजे तो तिला किती आवडला होता, ते घरात सगळ्यांना कळलं होतं.

आमच्याकडे लग्न ठरतं ते निश्चयतांबूलानं. दोन्ही बाप पान-सुपारीची ताटं एकमेकांच्या हातात देतात, की शब्द दिला. मग मागं फिरणं नाही. त्या दिवशी दुपारी मुहूर्त होता. पानं खुडायचं काम आत्यानं स्वतःकडे घेतलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण तिचा बोटांवर भरवसा. हादग्याखाली उभी राहून ती पान चाचपे, आणि जे जास्त कोवळं, जास्त मऊ लागे ते खुडी. (पातळ आणि रेशमी. मीच शिकवलं होतं.) पानं धुवून, देठ आणि टोकं खुडून ताट सजलं. मधूनमधून खरी पानंही होती, त्यामुळं वासही यथास्थित. रुक्कूनं आपल्या हातानं विडे बांधले.

आणि ते ताट पाहुण्यांपुढं फिरवलं कुणी? मी. देठावरून वेल ओळखणारा मी! पण देठ तर खुडलेले.

श्रीधरचे वडील रंगोजीराव हे पान नुसतं हातात घेऊन ते कुठल्या मळ्यातलं ते सांगणारे गृहस्थ. पण विडा बांधलेला, वर लवंग टोचलेली, आणि ते अप्पांशी बोलण्यात गुंगलेले. त्यांनी विडा तोंडात टाकला, चावला, आणि बोलता बोलता थांबले. मग डोळे मोठे झाले. मग ते मोरीकडे धावले.

परत आले तेव्हा ओठ सुजू लागले होते. ताकाचा पेला हातात धरून ते एकेक शब्द सोडत होते. "हे... पान... नव्हे."

अप्पांनी ताटातलं एक पान उलगडलं, उजेडात धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी धीर द्यायला गेलो. घाबरायचं कारण नाही, थोडी आग होते आणि उद्यापर्यंत उतरते, पुस्तकात शेवटच्या पानावर दिलंय, असं मी म्हणालो. ("खाऊ नये" असंही तिथंच छापलं होतं. मला वाटलं होतं, खाणार कोण?)

"तू पेसू नको," अप्पा म्हणाले. पेसू म्हणजे बोलू; राग अनावर झाला की त्यांची तमिळ आणि मराठी एकाच वाक्यात येई.

रंगोजीरावांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "ज्या घरी विड्याचं पान ओळखू येत नाही, त्या घरी शब्द कसा द्यावा?" एवढं वाक्य त्यांनी ताकाच्या तीन घोटांत पुरं केलं. मुहूर्त टळत चालला होता. स्वयंपाकघराच्या दारात रुक्कू उभी होती. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. मला फार वाईट वाटलं, आणि विहीर फार जवळ वाटली.

वडिलांशेजारी बसलेला श्रीधर उठला, ताटाजवळ आला आणि दारातल्या रुक्कूकडे पाहत त्यानं आत्याला विचारलं, "हे विडे यांनीच बांधले न्हवे?"

"होय रे लेकरा. पण ते नको—"

"मग मज चालतो."

आणि त्यानं विडा तोंडात टाकला! लग्नाआधी मुलानं विडा खाऊ नये, असा आमच्याकडे दंडक. त्यानं तो मोडला, आणि शांतपणे, नीट चावून मोडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कान लाल झाले होते, पण थुंकला नाही. रुक्कू न बोलावता बाहेर आली (हा दुसरा दंडक) आणि ताकाचं अख्खं भांडंच त्याच्यापुढं धरलं.

रंगोजीरावांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा रुक्कूकडे. मग खाली बसले. "दुसरं... ताट... आणा."

अप्पा स्वतः परसात गेले, मला दंडाला धरून. एक पान खुडलं. "तोंड उघड." मी उघडलं. "चाव." मी चावलं. "आता बोल." बिचकत मी सुरू केलं, की अप्पा, मनीप्लांटच्या देठाला वरून पन्हळ असते, आणि... "सरी, ठीक," अप्पा म्हणाले, "हे खरं आहे." पुढच्या प्रत्येक पानाला हीच परीक्षा झाली. ताट वेळेवर आत गेलं, शब्द दिला गेला, आणि नवरदेव नवरीशी पहिलं वाक्य दुसऱ्या दिवशी बोलला.

रुक्कूचा संसार छान चालला आहे. अप्पांनी माझी वेल त्याच संध्याकाळी उपटली. पण ती पद्धत मात्र राहिली. आमच्या नात्यात कुठंही निश्चयतांबूल असलं, की ताट बाहेर नेण्याआधी त्यातलं एक पान मला चारतात. माझं तोंड बंद पडलं तर पान खोटं, मी बोलत राहिलो तर पान खरं.

आजवर प्रत्येक पान खरं निघालं आहे. अलीकडे मला असं वाटू लागलंय, की त्याचं घरात कुणालाच फारसं समाधान नाही.