मामांनी चाखलेली माती

धार आणि देवास ही दोन्ही संस्थाने धुंडाळली असती, तरी आमच्या थोरल्या मामांइतका नातेवाइकांना चारचौघांत मान खाली घालायला लावणारा माणूस सापडला नसता. सारा जन्म माळव्यात गेला, पण मराठीखेरीज दुसरी भाषा ते जिभेवर येऊ देत नसत. गाडीच्या बैलांनासुद्धा "आपण जरा उजवीकडे व्हावे" असे सांगत, आणि बैल डावीकडे वळले की राग माझ्यावर निघे. कुठल्याही शेतात शिरले की चिमूटभर माती जिभेवर ठेवून डोळे मिटत. मुलगी पाहायला गेलो तिथेही आधी परसातली माती चाखून म्हणाले, "खारट आहे." सोयरीक मोडली, ती माझी!

त्या वर्षी नर्मदेला पूर आला. डही गावाच्या पलीकडची काठची गावे खचली, उभी ज्वारी गाळाखाली गेली, आणि रब्बीला पेरायला कुणाकडे दाणा उरला नाही. हे कळताच मामा बियाण्याचा हरभरा मागत दारोदार निघाले. देवासात गाद्या दोन, थोरली पाती नि धाकटी पाती, आणि आमचे आप्त दोन्हीकडे चाकरीला. थोरल्या पातीत मामा सांगत, "धाकट्यांनी चार पोती दिली," आणि धाकट्या पातीत जाऊन, "थोरल्यांनी सहा!" माझ्या वरिष्ठांकडच्या मुंजीत तर भर पंगतीत पत्रावळ उचलून म्हणाले, "लाडू नको, कोठीतला हरभरा वाढा." मी पानात तोंड खुपसून बसलो.

अशा सात गाड्या भरून मामा नर्मदाकाठी पोचले. पडलेल्या घरांची यादी करायला नेमलेला कारकून तिथे मीच होतो. एके सकाळी नुकतेच बदलून आलेले साहेब पाहणीला आले, तेव्हा मामा धोतर खोचून, गुडघाभर चिखलात उभे राहून माती चाखत होते.

साहेब हसले. "हा वेडा कोण?"

"असेल गावातला कुणी," मी म्हणालो.

मामा दहा हातांवर होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, साहेबांना हात जोडले आणि मी प्रथमच त्यांच्या तोंडून माळवी ऐकली. "हुजूर, जमीन अबार गीली है. आठ दन थमो, फेर चणा बोवांगा."

माझे खोटे त्यांनी असे खरे करून दिले. साहेब पुढे गेले. मीही त्यांच्या मागोमाग गेलो, हेही सांगायला हवे.

संध्याकाळी पोती उतरवताना मी "मामा..." एवढेच म्हणू शकलो.

"ते पोते भिजलेय, बाजूला ठेव," ते म्हणाले.

आठ दिवसांनी पेरणी झाली. मामा मात्र चिखलातून ताप घेऊनच घरी आले आणि पौषात गेले. माघात काठचे दोन शेतकरी हिरव्या हरभऱ्याचे भारे डोक्यावर घेऊन, मजल दरमजल करत धारला आले. दारात मीच होतो. मामा नाहीत म्हटल्यावर भारे उतरवून ते ओट्यावर बसले. त्यांतल्या म्हाताऱ्याने विचारले, "आप मामासाब का कई लागो?"

"भाचा," मी म्हणालो. पण इतक्या हळू, की त्याला पुन्हा विचारावे लागले.