उगवतीकडचं घर

सोलापूर जिल्ह्यात समुद्र नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. तरी आमच्या गावाला हल्ली लोक ‘बीच’ म्हणायला लागलेत. धरणाच्या फुगवट्याचं पाणी वस्तीच्या पायथ्याशी येऊन थांबतं. थंडीत रोहित पक्षी उतरतात. ते बघायला आलेली माणसं होडीत बसून फोटो काढतात आणि मग चिलापी माशाची थाळी खातात. बीच हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. ज्या पाण्याखाली आपलं जुनं गाव आहे, त्याला बीच कसं म्हणायचं? पण रागवायचा हक्क मला फारसा नाही. ते थाळीचं हॉटेल माझ्याच घरात आहे.

वस्ती म्हणजे पाण्याकडे तोंड केलेली एका ओळीतली घरं. धरणामुळे गाव उठलं तेव्हा भावकी कुठल्या कुठे पांगली. कुणी वैरागकडे गेलं, कुणी वेळापूरकडे. ज्यांना पाणी सोडवलं नाही ते जाळी घेऊन इथे राहिले. त्यामुळे ओळीतली माणसं एकमेकांची कुणीच नव्हती, आणि एकमेकांचं सगळं त्यांनाच करावं लागायचं. नारळी पौर्णिमेला समुद्र नसताना आम्ही घरटी एक नारळ पाण्यात सोडायचो. पावसाळ्यानंतर ज्याचं जाळं पहिल्यांदा भरेल, त्यानं प्रत्येक दारात एकेक मासा ठेवायचा, भांडण असलं तरी.

मरणाचाही नियम होता. ज्या घरात माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. अग्नी देऊन माणसं परतली की बाहेरून पिठलं-भाकरी येते आणि आणणारा पहिला घास घरच्यांना आपल्या हातानं भरवतो. त्याला कडू घास म्हणतात. बाकीच्या गावांत तो सोयरे आणतात. आमचे सोयरे पांगलेले, म्हणून जुन्या माणसांनी ठरवून टाकलं की उगवतीकडच्या घरानं मावळतीकडच्या घराला कडू घास घालायचा. आणि एकदाच. दोनदा घातला तर त्या घराला दुसरं दुःख लागतं, असं मानतात.

आमच्या मावळतीला मावशीचं घर. मावशी म्हणजे नात्यानं कुणी नाही, शेजारीण. तिची आणि माझ्या आईची चार वर्षं बोलचाल बंद होती. कारण काय, तर पाण्याकाठचा कपडे धुवायचा दगड. चांगला सपाट दगड एकच होता आणि दोघींना तो सकाळी एकाच वेळी लागायचा. आई म्हणायची, त्या बाईचं तोंड बघायचं नाही. दारं हातभर अंतरावर असताना तोंड न बघणं ही काही साधी गोष्ट नव्हती, पण दोघींनी ती निभावली.

वडील गेले तेव्हा आमच्या उगवतीच्या घराला कुलूप होतं. ते लोक कामाला पुण्याला गेलेले. माणसं स्मशानातून परतली, ओसरीवर बसली, आणि ओळीत सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. नियमानं कुणाचीच पाळी नव्हती. तेवढ्यात मावशी टोपली घेऊन आली. कुणाला काही न विचारता आईसमोर बसली, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि आईच्या तोंडाशी नेला. आईनं तोंड फिरवलं. मावशीचा हात तिथेच राहिला. बराच वेळ राहिला. मग आईनं तो घास घेतला, चावला, आणि चार वर्षांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

“मीठ न्हाय पिठल्यात.”

“न्हाय व्हय? रडत केलं की गं,” मावशी म्हणाली. “ध्यानातच आलं न्हाय.”

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून जे रडल्या, ते आवरेना. दगड पुढे दोघींचा झाला. आई गेली तेव्हाही कडू घास मावशीनंच घातला. उगवतीचे लोक त्या वेळी घरी होते, तरी. तिनं त्यांना सांगून टाकलं, ‘ही माजी हाय.’ मला भरवताना मात्र मीठ जरा जास्तच पडलं होतं. मी तो घास तसाच गिळला.

आईनंतर घर रिकामं राहिलं. माझी शाळेतली नोकरी सोलापुरात, येणंजाणं सुट्टीपुरतं. बंद घराला वाळवी लागायला लागली, तेव्हा मोहोळकडचा एक तरुण हॉटेलासाठी घर मागायला आला. मी मावशीला विचारलं. ती दारात जाळं सांधत बसली होती.

“दे की,” ती म्हणाली. “माणूस राहिल्यालं बरं. पर माज्या येळंला कडू घास तुज्या हातचा पायजे. त्या हाटेलाचा नगं मला.”

“तुला कुठं खायचाय तो?” मी चेष्टा केली.

“माज्या थोरल्या लेकराला तर खायचाय. परक्याच्या हातनं खाईल व्हय त्यो?”

नंतर दर खेपेला ती तेच म्हणायची. पोरी, ध्यानात हाय न्हवं? मी म्हणायचे, आहे गं बाई, आधी मर तर खरी. असं आमचं चालायचं. आता ते वाक्य आठवलं की जीभ तोडून टाकावीशी वाटते.

या थंडीत एका रविवारी सकाळी मावशीच्या थोरल्या मुलाचा फोन आला. पहाटे झोपेतच गेली होती. दुपारी बारापर्यंत उचलणार होते. लगेच निघाले असते तर तिचं तोंड तरी दिसलं असतं. पण मला कडू घास न्यायचा होता, आणि माझ्या घरची चूल आता हॉटेलाची. तिथे रविवारी मासे तळणार. म्हणून मी सोलापुरातूनच करून न्यायचं ठरवलं.

इथवर सगळं बरोबर होतं. चुकलं ते पुढे. कित्येक महिन्यांत मी भाकरी थापली नव्हती. पहिल्या तीन मोडल्या, चौथी करपली. तशाच न्यायला हव्या होत्या. दुःखाच्या घरी भाकरीचा आकार कोण बघतं? पण माझ्या डोक्यात आलं, मावशीच्या सुना म्हणतील शहरात जाऊन हिचा हात गेला. म्हणून पुन्हा पाण्याचं आधण ठेवलं, पुन्हा पीठ मळलं. मोबाइल दोनदा वाजला. हात पिठानं भरलेले होते, म्हटलं निघताना बघू, आणि ते राहूनच गेलं. अठरा भाकऱ्या झाल्या, गोल, पातळ, एकसारख्या. पिठल्याचं मीठ मी दोनदा चाखून बघितलं. सगळं फडक्यात बांधून निघाले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

एसटी मोहोळला उगाच रेंगाळली. टेंभुर्णीला वडापची जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. वस्तीत पोचले तेव्हा चार वाजत आले होते. पाण्यावर होड्या फिरत होत्या. मावशीच्या ओसरीवर माणसं बसली होती आणि कडेला हॉटेलाच्या स्टीलच्या थाळ्या खरकट्या, एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

मावशीचा मुलगा उठून आला. माझ्या हातातल्या गाठोड्याकडे त्यानं बघितलं आणि मान खाली घातली.

“ताई, लई वाट बघितली. फोन बी केलं दोन. पोरं सकाळपासनं उपाशी हुती. शेवटी त्येनंच आनलं.”

तो म्हणजे माझा भाडेकरू. तो हॉटेलाच्या दारात उभा होता. मला बघून पुढे आला.

“मॅडम, मी सगळ्यांना विचारून केलं,” तो म्हणाला. “मासळीचं भांडं न्हाय वापरलं. नवीन पातेलं काढलं. उगवतीचं घर म्हंजी आता माजंच की. म्हणून मीच भरवला घास. चुकलं का काय?”

चुकलं असतं तर बरं झालं असतं. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, सोलापुरापासूनचा सगळा राग तिथे काढायचा होता. पण त्यानं नियम पाळला होता. परका असून पाळला होता. मी म्हटलं, “नाही, बरोबर केलंत.”

गाठोडं मला सोडता येईना. कडू घास दोनदा घालत नाहीत. मावशीचा मुलगा माझ्यासमोर बसला होता, पन्नाशीचा माणूस, आणि एकदा त्यानं नुसता हात पुढे केला. मग धाकट्या सुनेनं त्याच्याकडे बघितलं. तिची दोन लहान मुलं तिथेच खेळत होती. त्यानं हात मागे घेतला. मी तिच्यावर रागावले नाही. तिच्या जागी मीही तसंच बघितलं असतं.

तासभर बसले. एरवी मी निघाले की मावशी दारातून ओरडायची, ‘जाते न्हाय, येते म्हण.’ दुःखाच्या घरातून निघताना येते म्हणत नाहीत. काही न बोलता उठायचं असतं. मी उठले.

रस्त्याकडे जायचं सोडून पाण्यावर गेले. तो सपाट दगड अजून आहे. हल्ली त्यावर उभं राहून लोक फोटो काढतात. मी बसले आणि फडकं सोडलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. हा घास आपल्या हातानं खायचा नसतो, कुणीतरी भरवायचा असतो, हे मला माहीत होतं. पण ओळीत आता मला भरवणारं कुणी राहिलं नव्हतं. भाकरी मोडली, गार पिठल्याला लावली आणि तोंडात घातली.

मीठ अगदी बरोबर पडलं होतं.