कबरीचं दूध

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी अप्पानं धार नेहमीपेक्षा लवकर काढली. दारात बैलगाडी जुंपून उभी होती, मामा तिच्याभोवती येरझाऱ्या घालत होते, आणि माझा बाप गोठ्यात कबरीच्या पोटाला डोकं टेकवून बसला होता. कबरी ही आमची देवणी गाय, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली. धार काढून झाली तरी अप्पा लवकर उठला नाही. मग त्यानं दूध तापवलं, पितळी तांब्यात ओतलं, तोंडाला फडकं बांधलं आणि तांब्या माझ्या मांडीवर आणून ठेवला. "बसू रडला की दे. थोडं थोडं दे," एवढंच म्हणाला.

बसू माझा धाकटा भाऊ. तेव्हा तीन वर्षांचा होता, मी दहा-अकराची असेन. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि आळंद तालुक्यातलं आमचं मादन हिप्परगा पुन्हा पेरणी-काढणीच्या कामाला लागलं होतं. आमच्या घरात मात्र बाईमाणूस नव्हतं. बसूच्या बाळंतपणात अव्वा गेली. तिची छाती त्याच्या तोंडाला एकदाही लागली नाही. शेजारच्या चन्नक्कानं मला मांडी घालून बसायला शिकवलं, मान कशी धरायची ते दाखवलं, आणि मी बोंडल्यानं त्याला कबरीचं दूध पाजत गेले. भाकरी मीच थापायची. हाताला तव्याचे चटके असायचे. अव्वाचे भाऊ, आमचे मामा, हैदराबादला मास्तर होते. ते एकदा आले, माझे हात पाहिले आणि अप्पाला म्हणाले की लेकरं मी घेऊन जातो. अप्पानं वाद घातला नाही. आपण येणार नाही, एवढं मात्र सांगितलं. कामून, असं मामांनी विचारलं तेव्हा त्यानं नुसतं गोठ्याकडं बघितलं.

आळंदहून मोटारीनं गुलबर्गा, तिथून रेल्वे. वाडी जंक्शनला गाडी बदलायची होती. वैशाखाचं ऊन होतं. फलाटावर बसू रडायला लागला म्हणून मी फडकं सोडलं तर दूध नासलेलं. मामांनी ते नळाखाली ओतून दिलं. तांब्या विसळताना पांढरं पाणी गटारीत वाहत गेलं आणि बसू त्याच्या मागं धावला. चहावाल्याकडचं दूध त्यानं तोंडाला लावलं नाही. हैदराबादेत नामपल्लीला उतरेपर्यंत तो दमून माझ्या खांद्यावर झोपून गेला होता.

काचीगुड्याला मामांच्या दोन खोल्या होत्या. मामीला मूलबाळ नव्हतं. तिनं बसूला असं घेतलं की जणू ती त्याचीच वाट पाहत होती. पण दुधाचं तिलाही जमेना. दारात कॅन घेऊन येणाऱ्या हुसेनचाचांचं दूध म्हशीचं होतं, दाट, पिवळसर सायीचं. बसू वास घ्यायचा आणि भांडं लोटून द्यायचा. "गाय कुठं हाय?" त्याचं एकच. कॅनमध्ये गाय कशी मावेल, असं मामी हसून विचारायची. त्यावर तो खरंच कॅनमध्ये वाकून बघायचा.

शेवटी मामीनं आम्हा दोघांना हुसेनचाचांच्या तबेल्यात नेलं. त्या दिवसापासून बसू ते दूध प्यायला लागला, आणि तबेल्याचा त्याला नादच लागला. शाळेत जायच्या वयापर्यंत मामीला त्याला आठवड्यातून एकदा तरी तिथं न्यावंच लागायचं. म्हैस काळी तर दूध पांढरं कसं? गवत हिरवं, मग दूध हिरवं का नाही? म्हशीला तहान लागली तर ती आपलं दूध पिते का? चाचांना या प्रश्नांची मजा वाटायची. कधी खरं उत्तर द्यायचे, कधी अल्लाकडं बोट दाखवायचे. घरी आला की बसू प्रत्येक गोष्टीचं असंच करायचा. ज्वारी कशात असते, तूर कुठून निघते, गूळ कोण करतं. शहरातल्या पोरांना ताट म्हणजे स्वयंपाकघरातून येतं एवढंच माहीत. त्याला ताटाच्या मागं जायचं असायचं. मामा म्हणायचे, हा मास्तर होणार नाही, इन्स्पेक्टर होणार.

एकदा चाचांनी रेडकू सोडलं. ते धावत जाऊन म्हशीला लुचायला लागलं, जरा दूध उतरलं असेल नसेल, तोवर चाचांनी त्याला ओढून खुंट्याला बांधलं आणि स्वतः धार काढायला बसले. रेडकू ओरडत राहिलं. त्याला का बांधलं, बसूनं विचारलं. चाचा कासेवरून हात न काढता म्हणाले, "उसका पेट पूरा भरे तो तुम्हारा कैसा भरेंगा, बावा?"

बसू त्या दिवशी तबेल्यातून आपणच बाहेर आला. वाटेत त्यानं मला विचारलं की कबरीला वासरू होतं का. होतं, मी म्हणाले. ते कुठं आहे, यावर मी म्हणाले की अप्पाला विचार.

अप्पा वर्षातून एकदा यायचा, सुगी झाली की. ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, कधी चन्नक्कानं दिलेल्या शेंगा. सकाळच्या गाडीनं यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. मुक्काम कधी केला नाही. चन्नक्का एखाद-दुसऱ्या वेळची धार काढील, जास्त नको, असं म्हणायचा. मामीनं ताटात वाढलेलं मान खाली घालून खायचा आणि बसूकडं चोरून बघायचा. बसू त्याच्याशी बोलताना 'तुम्ही' म्हणायचा. आमच्याकडं पोरं बापाला 'तू' म्हणतात, मी तर म्हणायचेच. अप्पाच्या ते कानावर पडत होतं, पण त्यानं कधी टोकलं नाही. तो गेल्यावर बसू एकदा मामीला म्हणाला, "अप्पाला आमच्यापेक्षा गायच जास्त आवडती." मामीनं त्याला जवळ ओढलं. मला सुद्धा राग होता. माझा राग वेगळा होता, कारण वासराचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही बाप हवा होता.

बसू सात-आठ वर्षांचा झाला तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा आम्हाला गावी घेऊन गेले. मी तोवर मोठी झाले होते, माझ्या लग्नाचं घरात बोलणं निघायला लागलं होतं. गावाच्या वेशीत गाडी शिरली तसं मला वाटलं की सगळं लहान झालंय. अप्पाही. त्याच्या गालांची हाडं वर आली होती. कबरीच्या पाठीवर मात्र तेल लावल्यासारखी चमक होती.

बसूनं हातपाय धुतले आणि सरळ गोठ्यात गेला. ज्या गाईच्या दुधावर तो वाढला ती त्याला आठवत नव्हती. लांबूनच बघत राहिला. अप्पा म्हणाला, हात लाव, मारत न्हाई. बसूनं तिच्या गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवर हात ठेवला. कबरीनं मान वळवून त्याच्या सदऱ्याचा वास घेतला आणि पुन्हा कडबा खायला लागली. मग बसूनं विचारलं, "मी दूध प्यायचो तेव्हा हिचं वासरू कुठं होतं?"

अप्पानं माझ्याकडं बघितलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. तो दावणीच्या कडेला बसला आणि बसूलाही शेजारी बसवून घेतलं.

तुझी अव्वा गेली तेव्हा कबरी नुकतीच व्याली होती, असं त्यानं सांगायला सुरुवात केली. त्या वर्षी वैरण नव्हती, गाय खंगली होती, दूध जेमतेम. गावात दुसऱ्या कुणाची गाय दुभती नव्हती. बसू रात्रंदिवस रडायचा. अप्पा आधी वासराला अर्धं सोडायचा, मग पाव, मग नुसतं पान्हा सुटेपर्यंत. वासरू पाय ओढत चालायला लागलं. एक दिवस उठलंच नाही.

"त्याला भूक लागली आसंल," बसू म्हणाला.

"लागली. रडायलतं. तू बी रडायलतास." अप्पा थांबला. "दोघांचं पुरं पडत नव्हतं, बाळा. मी तुला दिलं."

पुढचं मला ठाऊक होतं. वासरू गेल्यावर कबरीनं दूध चोरलं. कासेला हात लावला की लाथ झाडायची आणि सारखी हंबरायची. इकडं बसूचं बोंडलं रिकामं. तेव्हा गावच्या लोकांनी सांगितलं तसं अप्पानं त्या वासराचं कातडं काढून आणवलं, त्यात कडबा भरला, आणि ते शिवलेलं वासरू कबरीच्या पुढ्यात उभं केलं. ती ते चाटायला लागली. चाटता चाटता तिला पान्हा फुटला. अप्पा खाली बसून धार काढत होता आणि त्याचे खांदे हलत होते. आमच्या बसवाच्या, लिंगायत घरात मांस शिजत नाही, कातड्याला कुणी शिवत नाही. त्या घरात ते वासरू कित्येक महिने, कबरी पुन्हा वेईपर्यंत, कोपऱ्यात उभं होतं. त्याचं पोट चाटून चाटून केस गेले होते.

अप्पानं हे सगळं बसूला सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाला, "तिच्या लेकराच्या तोंडचं काढून तुला पाजलं, आणि वर तिला फसवलं. आता ती म्हातारी व्हायली. तिला दुसऱ्याच्या दारात बांधून मी शहरात येऊन कसा राहू?"

बसू उठून बाहेर गेला. ओट्यावर गुडघ्यांत तोंड घालून बसला. मामा त्याला बोलवायला निघाले तेव्हा अप्पानं त्यांना हातानं थांबवलं. दिवस कलला तसा बसू आपणच आत आला. अप्पा धार काढत होता. त्यानं फेसाळलेली वाटी भरून बसूपुढं धरली. बसूनं ती घेतली नाही.

"पी," अप्पा म्हणाला. "तू न्हाई पिलास म्हणून ते परत येत न्हाई."

बसू प्यायला. वाटी खाली ठेवून त्यानं बापाला विचारलं, "तू जेवलास का?"

अप्पानं ऐकलं. कासंडी उचलताना त्याच्या हातून थोडं दूध सांडलं.

त्या सुट्टीत बसू अप्पाच्या पाठीला चिकटून होता. निघताना आम्ही दोघंही रडलो. अप्पा गाडीबरोबर ओढ्यापर्यंत चालत आला. कबरी हाय तोवर हाय, मग येतोच तुमच्याकडं, असं म्हणाला. मामीनं ते ऐकून त्याच्यासाठी एक खाट करून घेतली. ती भिंतीला उभी असायची.

अप्पा आधी गेला. पुढल्याच्या पुढल्या उन्हाळ्यात, तापानं. गावचा एक माणूस भर दुपारी काचीगुड्याच्या दारात उभा राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरून मामीला समजलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. आमच्यात पुरतात. शेताच्या कडेला ताजी माती होती आणि तिच्यावर बेलाची पानं. बसूनं मातीवर हात ठेवला, मग तिथून तडक चन्नक्काच्या घरी गेला. कबरी तिच्या दारात बांधलेली होती. त्याला कानडी धड येत नव्हती, तरी तो हातवारे करून चन्नक्काला विनवत होता की हिला विकू नका, बाजारात नेऊ नका. चन्नक्कानं त्याचे दोन्ही हात धरले आणि मराठीतच म्हणाली, "तुझ्या अप्पानं शेवटी पाणी मागितलं न्हाई, हेच मागितलं. इथंच मरंल ती."

त्याच दिवाळीला राज्यं वेगळी झाली. मामांनी जेवताना सांगितलं की आपलं गाव आता म्हैसूर राज्यात आणि आपण आंध्रात. "आणि कबरी?" बसूनं विचारलं. मामी म्हणाली, ती आहे तिथंच आहे. पुढं दोन सुगी ती जगली. चन्नक्कानं शब्द पाळला.

मग माझं लग्न झालं, हैदराबादेतच. बसूनं तेलुगू घरातली बायको केली. त्याच्या घरी तेलुगू, बाजारात दखनी, माझ्याशी मराठी. कानडी दोघांचीही गेली. गावात राहिलेल्यांना वाटतं की गेले ते सुटले. आमच्यासारख्या गेलेल्यांना वाटतं की मागं राहिलेल्यांचं काही हरवलं नाही. दोन्ही खरं नाही, एवढं या वयात कळलंय.

मागच्या वर्षी बसूनं हट्ट धरला म्हणून आम्ही दोघं जाऊन आलो. आमच्या घराच्या जागी दुसऱ्याचं स्लॅबचं घर आहे. अप्पाला पुरलं ती कड नांगरून एक झालीय. चन्नक्काचं दार तेवढं जुनं होतं. तिच्या नातवाची बायको चौकटीत तूर निवडत बसली होती. तिनं अनोळखी नजरेनं मान वर केली आणि कानडीत विचारलं, "याव ऊरु?" म्हणजे गाव कोणतं. मी हैदराबाद म्हणणार होते. तेच आमचं गाव आहे, घर तिथं आहे, मुलं-नातवंडं तिथं आहेत. पण बसू माझ्या आधी बोलला. त्याला कानडीतले किती शब्द उरलेत, देव जाणे. त्यातलेच दोन त्यानं काढले.

"इदे ऊरु," तो म्हणाला. हेच गाव.

तिनं आमच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, सूप बाजूला सरकवलं आणि आत यायला वाट करून दिली.