गप्प माणसांचे वकील

समोरच्याचं बोलणं संपायच्या आत वकीलसाहेब तर्जनी वर करायचे आणि म्हणायचे, "विचारलं का?" कारंजाच्या बाजारात पोरं त्यांची नक्कल करायची. भाजीत मीठ जास्त पडलं तरी आम्ही बहिणी बोट वर करून एकमेकींना तेच म्हणायचो.

ते आमचे शेजारी. आम्ही माळी, मळ्यातली वांगी-मेथी बाजारात विकायचो. एकदा गावच्या म्युनिसिपल कमेटीने भाजीवाल्यांना कडुलिंबाच्या सावलीतून उठवून उकिरड्याकडे बसायचा हुकूम काढला. दवंडी पिटली तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, असं कमेटीचं म्हणणं होतं. वकीलसाहेब आमच्या बाजूने उभे राहिले.

"मानूस गप्प राह्यला म्हनजे कबूल झाला, असं नसते," ते म्हणाले. "हक्क जन्मासंगं येते. कमेटी देत नाही अन् सरकारही देत नाही."

आमची सावली आम्हाला परत मिळाली. तेव्हापासून मळ्यातली पहिली वांगी त्यांच्या घरी जायची.

रविवारी त्यांच्या ओसरीवर मंडळी जमायची. राजा कशासाठी, कायदा कोणाच्या संमतीने, विलायतेतल्या शहाण्यांनी यावर काय लिहिलं, हे ते रंगून सांगायचे. त्यांची मुलगी यमू आणि मी दाराआड बसून ऐकायचो. मला अक्षरं शिकवली ती यमूनेच, त्यांच्या कपाटातल्या मराठी पुस्तकांवर.

मग यमूचं लग्न ठरलं, अमरावतीच्या एका बिजवराशी. ती रडली नाही, नुसती जेवेनाशी झाली. माझ्या वडिलांनी हिंमत करून म्हटलं, "साहेब, पोरीले विचारलं का?"

बोट वर गेलं नाही. "ती काही बोलली नाही," वकीलसाहेब म्हणाले. "म्हनजे तिची ना नाही."

लग्नाच्या पंगतीला आमच्याच मळ्यातली वांगी होती. मी ती पानात तशीच ठेवली.

पुढे काही वर्षांत यमू विधवा होऊन परत आली. मागच्या खोलीत बसून ती तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचायची. दुसरं तिच्याजवळ होतं तरी काय? ओसरीवरचे रविवार चालूच होते. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मी वकीलसाहेबांचे उपकार विसरले नाही, आणि त्यांना माफही केलं नाही.

ते गेल्यावर तेराव्याला मंडळी ओसरीवर जमली. साहेबांची पुस्तकं गावच्या वाचनालयाला द्यायचं ठरलं. घरच्यांची हरकत नाही, असं वाचनालयाच्या अध्यक्षांनी सर्वांना सांगितलं. यमू नेहमीच्या जागी, दाराआड उभी होती. पदराचं टोक तिने दातांत धरलं होतं.

मी बायकांतून उठले. "यमूले विचारलं का?"

अध्यक्ष समजुतीने हसले. "त्या काही बोलल्या नाहीत ना, बाई."

तोवर दोघांनी कपाट उचललंही होतं. बाहेर बंडी जुंपलेली होती.